सगळ्यात जुना विद्यार्थी

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असा समितीचा निरोप आला. सहली, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतले डबे, हे सगळं बॅचमधले बाकीचे लिहितीलच आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी लिहिणार आहे ते आपल्या शाळेत कधीच न आलेल्या एका माणसाबद्दल. त्याचं नाव आपल्या पुस्तकात नव्हतं, बाईंनीही कधी घेतलं नाही. पण अकरावीच्या केमिस्ट्री लॅबमधला एक प्रयोग आपल्यापर्यंत पोचला तो त्याच्यामुळे.

प्रयोग द्रवणांक काढण्याचा. केसासारखी बारीक काचेची नळी बर्नरवर धरून तिचं एक टोक बंद करायचं. उघडं टोक पांढऱ्या पावडरीत टोचायचं आणि नळी टेबलावर टकटक करत पावडर तळाशी बसवायची. मग ती नळी दोऱ्याने थर्मामीटरला बांधायची, दोन्ही लिक्विड पॅराफिनमध्ये सोडायची आणि खालून मंद आच द्यायची. त्यानंतर नुसतं बघत बसायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग पावडरीची कड ओलसर दिसते, पावडर आकसते आणि डोळ्यांदेखत तिचा पारदर्शक थेंब होतो. नॅप्थलीन ८०, बेंझॉइक ॲसिड १२२. हे आकडे आपल्यातल्या काही जणांना पाढ्यांसारखे अजून पाठ असतील.

बाई जर्नलमध्ये एक नाही, दोन आकडे लिहायला लावायच्या. वितळायला सुरुवात झाली तेव्हाचा आणि शेवटचा कण वितळला तेव्हाचा. दोन्हींत अंशाभराचं अंतर असेल तर नमुना शुद्ध. अंतर चार-पाच अंशांचं असेल आणि पहिला आकडाही खाली घसरलेला असेल, तर त्यात भेसळ आहे. कारण तसं सोपं आहे. स्फटिक म्हणजे पंधरा ऑगस्टच्या कवायतीची रांग समजा. सगळे एका उंचीचे, एका अंतरावर उभे. रांगेत मध्येच तीन-चार भलत्या उंचीची मुलं घुसवली की तिथे रांग सैल पडते आणि थोड्या धक्क्यानेही मोडायला लागते. शुद्ध पदार्थाची रांग एका ठरावीक तापमानापर्यंत टिकते आणि मग एकदम मोडते. अशुद्ध पदार्थाची लवकर आणि टप्प्याटप्प्याने मोडते.

आता माझ्या नोकरीबद्दल थोडं, म्हणजे हा विषय माझ्या डोक्यात कुठून आला ते कळेल. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ज्या पट्ट्यात आपल्यातल्या कितीतरी जणांचे बाबा केमिकल कंपन्यांमध्ये शिफ्टला जायचे, त्याच पट्ट्यातल्या एका आयटी पार्कात मी बसते. घरातून निघताना तेव्हा नाकात वास यायचा, आता ट्रॅफिक लागतं. आमचं सॉफ्टवेअर औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये चालतं. नमुना आला, कोणी तपासला, काय आकडा आला, कोणी सही केली, सगळ्याची नोंद. द्रवणांकासाठी आमच्या डेटाबेसमध्ये दोन रकाने आहेत, सुरुवात आणि शेवट. दरवर्षी नवीन लागलेला कोणीतरी मुलगा किंवा मुलगी विचारते, एकाच गोष्टीला दोन रकाने कशाला? मग मी त्यांना कवायत सांगते. पॅरासिटामॉल १६८ ते १७२ अंशांमध्ये वितळलं पाहिजे. आजकाल नळीत डोकवायलाही माणूस लागत नाही, यंत्रातला कॅमेरा बघतो. पण प्रश्न तोच असतो, की हा पदार्थ आपण समजतो तोच आहे का, आणि निखळ आहे का? तापलेल्या पोराला जी गोळी आपण डोळे झाकून देतो, ती या आणि अशा इतर चाचण्यांतून गेलेली असते.

वितळण्यावरून शुद्धता ओळखायची हे पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल, असं मी एकदा एका ग्राहक कंपनीतल्या जुन्या केमिस्टना विचारलं. त्यांनी एकच नाव सांगितलं, शेव्रल. तेव्हापासून मी मिळेल ते वाचत गेले.

मिशेल यूजीन शेव्रलचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ चा, फ्रान्समधल्या आंजे गावचा. (पॅरिसला पोचेपर्यंत मी त्याला अरेतुरे करणार आहे, पुढे जमणार नाही.) वडील शल्यवैद्य. आई-वडील दोघंही नव्वदी ओलांडून गेले, म्हणजे दीर्घायुष्य घरातच होतं. तीन वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि सात वर्षांचा असताना त्याने गावात गिलोटीन चालताना पाहिलं. त्या धामधुमीत बालपण गेलं. १७९९ ते १८०३ तो गावातल्या नव्या सरकारी शाळेत शिकला आणि सतराव्या वर्षी रसायनशास्त्र शिकायला पॅरिसला आला.

तिथे त्याला गुरू मिळाले व्होकलँ. क्रोमियम शोधणारे म्हणून आपण त्यांना ओळखायला हवं. शेतमजुराच्या घरातून आलेला हा माणूस युरोपातल्या पहिल्या फळीचा रसायनज्ञ झाला होता. त्यांच्या प्रयोगशाळेत शेव्रलने नैसर्गिक रंगद्रव्यांपासून सुरुवात केली. १८१० मध्ये निसर्ग-इतिहास संग्रहालयात साहाय्यकाची जागा मिळाली. ही संस्था त्यांनी पुढे शेवटपर्यंत सोडली नाही. जवळजवळ ऐंशी वर्षं! आमच्या क्षेत्रात तीन वर्षं एका कंपनीत काढली तर लोक विचारतात, बरी आहेस ना?

त्या काळचं रसायनशास्त्र कसं होतं हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. डाल्टनचा अणूचा सिद्धांत नुकताच मांडला गेला होता. धातू, आम्लं, क्षार यांचं थोडंफार गणित बसलं होतं. पण झाडापासून किंवा प्राण्यापासून आलेल्या पदार्थांचं काय? त्यांना सूत्रं नव्हती, रचना नव्हती. पदार्थ ओळखायचा तो त्याच्या गावावरून. ही डुकराची चरबी, हे लोणी, हे व्हेलच्या डोक्यातलं मेण. दोन पांढरे, तुपकट गोळे समोर ठेवले तर ते एकच पदार्थ आहेत की दोन, हे ठरवायला हाताशी काही नव्हतं. मोठमोठी माणसं दिसण्यावर जायची. फुर्क्रवा हे व्होकलँ यांचेही गुरू. त्यांनी पित्ताशयातले खडे, व्हेलचं मेण आणि पुरलेल्या प्रेतांवर तयार होणारा मेणचट पदार्थ या तिन्हींना एकच मानून एकच नाव देऊन टाकलं होतं.

१८११ मध्ये शेव्रल यांच्याकडे साबणाचा एक नमुना तपासायला आला. डुकराची चरबी आणि पोटॅशपासून केलेला मऊ साबण. तो पाण्यात मिसळून ठेवल्यावर तळाशी चमकदार पापुद्रे जमले. त्यांवर आम्ल घातल्यावर मोत्यासारखी झाक असलेला पदार्थ सुटा झाला, आणि तो स्वतःच आम्लाच्या गुणधर्माचा निघाला. चरबीतून आम्ल निघतं हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. मोत्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्यांनी याचं नाव मार्गारीन ठेवलं, पुढे ते मार्गारिक ॲसिड झालं. हा मोती लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

त्यानंतरची बारा वर्षं त्यांनी चरबीला दिली. माणूस, मेंढी, बैल, हंस आणि चक्क जग्वार, इतक्यांच्या चरबीचा साबण करून त्यांनी तो तपासला. (संग्रहालयाच्या आवारात प्राणिसंग्रहालयही होतं. जग्वार बहुधा तिथलाच.) रीत एकच. चरबीचा साबण करायचा, आम्लाने फोडायचा, निघेल ते गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, थंड होऊ द्यायचं, बसलेले स्फटिक गाळून घ्यायचे आणि ते किती अंशांना वितळतात ते बघायचं. मग तेच स्फटिक परत विरघळवायचे, परत बसवायचे, परत वितळवायचे. द्रवणांक वर सरकला तर याचा अर्थ अजून काहीतरी निघून जातंय. पुन्हा करायचं. कितीही वेळा केलं तरी आकडा हलत नाही, असं झालं की थांबायचं आणि म्हणायचं, हा एक पदार्थ.

आज हे इतकं साधं वाटतं की यात शोध कुठला, असा प्रश्न पडावा. थर्मामीटर त्यांच्या आधीही होतं, मेण वितळतं हेही सगळ्यांना माहीत होतं. शेव्रल यांनी केलं ते असं, की पदार्थाची ओळख डोळ्यांच्या हातून काढून घेतली आणि एका न हलणाऱ्या आकड्याच्या हातात दिली. आम्ही प्रोग्रॅममध्ये एखादं गणित उत्तर स्थिर होईपर्यंत फिरवत ठेवतो, तीच ही पद्धत आहे, फक्त हाताने आणि अल्कोहोलच्या वासात केलेली.

पित्तखड्यांचं कोडं त्यांनी असंच सोडवलं. व्हेलचं मेण ४५ अंशांच्या आसपासच वितळतं. पित्तखड्यातला पदार्थ त्यापुढे कितीतरी वर जातो, आजच्या मोजणीप्रमाणे तो १४८ च्या सुमारास वितळतो. शिवाय त्याचा साबणही होत नाही. म्हणजे गुरूच्या गुरूंनी एकत्र बांधलेली मोळी सुटली. या खड्यातल्या पदार्थाला त्यांनी ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, पित्त आणि घन. त्यातून आजचा कोलेस्टेरॉल हा शब्द आला. आणि १८१५ मध्ये त्यांनी दाखवलं की मधुमेह्याच्या लघवीतली साखर ही द्राक्षातलीच साखर आहे. थोडक्यात, चाळिशीनंतर आपण वर्षातून एकदा रक्त देऊन जो रिपोर्ट घाबरत उघडतो, त्यातल्या पहिल्या दोन ओळींवर या माणसाचा हात आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या त्या दोन ओळींइतकी चर्चा दुसऱ्या कशाची होत नाही, म्हणून सांगितलं.

१८२३ मध्ये त्यांचा प्राणिज चरबीवरचा ग्रंथ आला. त्यात सगळा हिशोब जुळला होता. चरबी म्हणजे काही आम्लं आणि एक गोडसर, दाट द्रव यांची जोडी. हा द्रव स्वीडनच्या शील यांना आधी सापडला होता, ग्लिसरीन हे नाव शेव्रल यांचं. साबण होताना ही जोडी तुटते. त्यांनी वजनं केली तेव्हा निघालेली आम्लं आणि ग्लिसरीन मिळून मूळ चरबीपेक्षा जास्त भरली. म्हणजे तुटताना जोडी पाणी ओढून घेते. आपल्या आज्या भांड्यांना राख लावायच्या तेव्हा तिथे थोड्या प्रमाणात हेच चालायचं, पण ते वजनात बसवलं या माणसाने. अनेक शतकं माणूस साबण करत होता आणि तो का होतो हे कोणालाच माहीत नव्हतं!

आणि लोणी. लोण्यातून त्यांनी एक उडून जाणारं, उग्र वासाचं आम्ल काढलं आणि लोण्यावरूनच त्याला ब्युटिरिक नाव दिलं. खवट लोण्याला येणारा वास या आम्लाचा. तूप खरं की खोटं हे तपासताना प्रयोगशाळा आजही तुपातल्या अशाच उडणाऱ्या आम्लांचं प्रमाण मोजते, कारण दुधाच्या चरबीत ती असतात आणि तेलाच्या तुपात नसतात. आपल्या लहानपणी डालडा कोणाच्या घरात येतं आणि कोणाच्या नाही यावरून बायकांमध्ये दबक्या आवाजात बोलणं व्हायचं. वनस्पती तूप करण्याचा कारखाना मुंबईत शिवडीला १९३० च्या दशकात सुरू झाला. साजूक तुपात ते मिसळलं तर पकडता यावं म्हणून कायद्याने त्यात तिळाचं तेल घालायला लावलं, कारण तिळाच्या तेलाची रासायनिक खूण लाल रंगाने लगेच दिसते. आणि वनस्पतीचा द्रवणांक ३१ ते ४१ अंशांच्या मध्येच असला पाहिजे असा नियम केला. तो मोजायची तऱ्हा जरा वेगळी आहे. चरबी अनेक पदार्थांचं मिश्रण, ती एकदम वितळत नाही. म्हणून दोन्ही टोकं उघडी असलेल्या बारीक नळीत ती गोठवतात, नळी पाण्यात धरून पाणी हळूहळू तापवतात आणि चरबीचा गोळा सुटून नळीत वर सरकला की आकडा लिहितात.

शेव्रल यांनी या ज्ञानातून पैसाही करायचा प्रयत्न केला. १८२५ मध्ये गे-ल्युसॅक यांच्याबरोबर मेणबत्तीचं पेटंट घेतलं. तेव्हा गरिबाघरी जळायची ती चरबीची बत्ती, मऊ, धुरकट, घाण वासाची. चरबीतलं स्टिअरिक ॲसिड वेगळं काढलं तर ते ६९ अंशांपर्यंत टणक राहतं आणि स्वच्छ जळतं. कल्पना बरोबर होती, धंदा मात्र जमला नाही. काही वर्षांनी दुसऱ्यांनी कृती सुधारून त्यावर कारखाने काढले. शास्त्रज्ञ आणि धंदा यांची ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे, तेव्हा पुढे जाते.

१८२४ मध्ये त्यांना गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचं प्रमुख केलं गेलं. तिथे तक्रार अशी, की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो. त्यांनी लंडन आणि व्हिएन्नाहून काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. लोकरीत दोष नव्हता. दोष शेजारच्या रंगात होता. दोन रंग जवळ आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो, आणि निळ्याशेजारचा काळा काळा राहत नाही. पंधरा वर्षं यावर काम करून १८३९ मध्ये त्यांनी मोठं पुस्तक लिहिलं, ते पुढे चित्रकारांनी उचललं. सरा यांनी ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलेली चित्रं पाहिली असतील, त्यामागे हा विचार आहे. माझ्या रोजच्या कामात हा शेव्रल मला जास्त भेटतो. पांढऱ्या स्क्रीनवरचा राखाडी रंगाचा बटण निळ्या पट्टीवर ठेवला की वेगळाच दिसतो, आणि डिझायनर शपथेवर सांगतो की कोड तेच आहे. जांभळ्या पैठणीला हिरवा काठ लावणाऱ्या येवल्याच्या विणकराला मात्र हे कोणी पुस्तकातून शिकवायला लागलं नाही.

त्यांचा आणखी एक उद्योग मला फार आवडतो. दोऱ्याला टांगलेली अंगठी पाण्यावर किंवा धातूवर धरली की आपोआप हलते, असा त्या काळी समज होता. १८१२ मध्ये शेव्रल यांनी स्वतः धरून पाहिली, आणि ती खरंच हलली. मग त्यांनी हाताला टेकू दिला तर हेलकावे कमी झाले. डोळे बांधले तर ते थांबले. म्हणजे हलवणारा हात आपलाच, फक्त आपल्याला पत्ता नाही. १८३३ मध्ये त्यांनी हे अँपिअर यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात छापलं, आणि पुढे पॅरिसमध्ये टेबलं फिरवून आत्म्यांशी बोलण्याची लाट आली तेव्हा १८५४ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक काढलं. आपल्यापैकी ज्या मंडळींनी दहावीच्या रिझल्टच्या आधी प्लँचेटवर वाटी फिरवून टक्के विचारले होते, त्यांनी हे जरूर वाचावं. नावं छापत नाही. एवढंच सांगते, की त्या माणसाने आधी कोणावर लबाडीचा आरोप केला नाही, आधी स्वतःचा हात तपासला.

आता तो मोती.

मार्गारिक ॲसिड हे शेव्रल यांचं पहिलं मोठं यश. पुन्हा पुन्हा स्फटिक करूनही त्याचा द्रवणांक हलत नव्हता, ६० अंशांच्या आसपास ठाम. त्यांच्या स्वतःच्या कसोटीला ते पूर्ण उतरलं होतं. चाळीस वर्षं ते पाठ्यपुस्तकांत राहिलं. १८५२ च्या सुमारास हाइन्ट्झ या जर्मन रसायनज्ञाने त्याला वेगळ्या वाटेने हात घातला. अल्कोहोलमधून स्फटिक काढण्याऐवजी त्याने मॅग्नेशियमचा क्षार थोडा थोडा घालून आम्ल टप्प्याटप्प्याने खाली बसवलं आणि प्रत्येक टप्प्याचा द्रवणांक वेगळा घेतला. मोत्याचे दोन भाग झाले. एक पामिटिक, साधारण ६३ ला वितळणारं, आणि दुसरं स्टिअरिक, ६९ चं. मार्गारिक ॲसिड नावाचा पदार्थ त्या चरबीत नव्हताच. दोन जुळ्यासारखी आम्लं विशिष्ट प्रमाणात मिसळून इतकी घट्ट बसली होती की ती एकत्रच विरघळायची, एकत्रच गोठायची, आणि द्रवणांकही एखाद्या शुद्ध पदार्थासारखा दाखवायची. मोजमाप चोख होतं, थर्मामीटर खोटं बोलत नव्हतं. तरीही उत्तर चूक होतं.

मला या घटनेपाशी थांबावंसं वाटतं, कारण कामाच्या ठिकाणी मी रोज याच भीतीबरोबर जगते. सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतात, आणि सिस्टीममध्ये दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत बसलेल्या असतात. आकडा हलत नाही याचे दोन अर्थ होतात. एक तर पदार्थ शुद्ध आहे, किंवा तुम्ही लावलेली चाळण त्याला वेगळं करू शकत नाही. दुसरा अर्थ कळायला चाळण बदलावी लागते. रसायनज्ञांनी यातून एक सुंदर युक्ती काढली. हातातला पदार्थ अमुकच आहे अशी शंका असेल, तर खात्रीचा अमुक घ्यायचा, दोन्ही एकत्र खलायचे आणि मिश्रणाचा द्रवणांक काढायचा. तोच आकडा आला तर दोन्ही एक. आकडा खाली घसरला तर दोघं निराळे, मग सुटे असताना त्यांचे आकडे कितीही सारखे असोत. पुढे १९०७ मध्ये जर्मनीच्या थील यांनी हात काढलेली ती त्रिकोणी नळी केली, आणि एकसारखी आच मिळून हे काम शाळेच्या मुलांनाही जमेल इतकं सोपं झालं.

मोत्याचं नाव मात्र मेलं नाही. १८६९ मध्ये मेझ-मुरियेस या फ्रेंच माणसाने बैलाच्या चरबीपासून स्वस्त लोणी केलं आणि या आम्लावरूनच त्याला मार्गारीन म्हटलं. बेकरीत आजही त्याचे डबे येतात. पुढे रसायनज्ञांनी सतरा कार्बनचं एक आम्ल प्रयोगशाळेत बनवलं आणि रिकामं पडलेलं मार्गारिक हे नाव त्याला देऊन टाकलं. ते द्रवणांकाने ६१ च्या आसपास निघालं, आणि कालांतराने रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधात आणि चरबीत ते अगदी थोडं असतं असंही आढळलं!

हाइन्ट्झने मोती फोडला तेव्हा शेव्रल ६६ वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात माणसाला सत्काराची शाल मिळते आणि तो गप्प बसतो. शेव्रल यांची तेव्हा ३७ वर्षं बाकी होती. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ले पदक दिलं. त्यांनी ७२ रंगछटांचं चक्र तयार केलं. पुढे ते संग्रहालयाचे संचालक झाले. जानेवारी १८७१ मध्ये प्रशियाच्या तोफांचे गोळे संग्रहालयाच्या बागेवर, वनस्पतींच्या काचघरांवर पडले. ८४ वर्षांच्या या गृहस्थांनी जागा सोडली नाही आणि त्या बॉम्बफेकीचा निषेध अकादमीच्या दप्तरात लेखी नोंदवून ठेवला. संचालकपद त्यांनी १८७९ मध्ये, नव्वदी उलटल्यावर सोडलं. शिकवणं आणि अकादमीच्या बैठकींना जाणं नाही सोडलं.

या काळात ते स्वतःला फ्रान्सच्या विद्यार्थ्यांमधला सगळ्यात ज्येष्ठ विद्यार्थी म्हणवून घेत. पदव्या, पदकं सगळं असताना त्यांनी मिरवायला हीच पदवी निवडली. शाळेच्या स्मरणिकेत त्यांना जागा मागायला मला तेवढं कारण पुरलं.

३१ ऑगस्ट १८८६ ला त्यांची शंभरी भरली. पॅरिसने सणासारखा साजरा केला, सोन्याचं पदक पाडलं. त्याच सुमारास छायाचित्रकार नादार त्यांना भेटायला गेले. ते गप्पा मारत होते आणि त्यांचा मुलगा फोटो काढत होता. ते फोटो साप्ताहिकात छापून आले आणि छायाचित्रांसह घेतलेली पहिली मुलाखत म्हणून ते ओळखले जातात. फोटोत पांढरे, विस्कटलेले केस, हातवारे, डोळे मोठे करून काहीतरी पटवून देणारे आजोबा दिसतात. लुई सोळाव्याच्या राज्यात जन्मलेला माणूस कॅमेऱ्यासमोर बसून बोलतोय, हे बघताना जरा गरगरतं.

९ एप्रिल १८८९ ला ते गेले. नोत्र दाममध्ये सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला आणि त्यांचं घर होतं त्या लाय गावी त्यांना पुरलं. त्याच्या नऊच दिवस आधी आयफेल टॉवरवर झेंडा लागला होता. टॉवरच्या पहिल्या मजल्याखाली चारी बाजूंनी ७२ नावं कोरली आहेत, सगळी शास्त्रज्ञ आणि इंजिनियरांची, आणि सगळी पुरुषांची. धातूच्या लवचीकतेचं गणित मांडणाऱ्या सोफी जर्में यांना तिथे जागा मिळाली नाही, हे एक इंजिनियर बाई म्हणून मी इथे नोंदवून ठेवते. त्या ७२ मध्ये शेव्रल आहेत. नावं कोरली गेली तेव्हा यादीतले जवळजवळ सगळेच दिवंगत होते. शेव्रल त्या वेळी पॅरिसमध्येच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सगळी नावं रंगाखाली बुजवली गेली होती, १९८६-८७ मध्ये ती पुन्हा उघडी केली. अक्षरं साठेक सेंटिमीटर उंच आहेत, खाली जमिनीवरून वाचता येतात.